तळं सगळ्यांचं, जागा मोजक्या

अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा राज्य आहे. तिथल्या राज्य सरकारने १८९१ साली इटास्का सरोवराभोवतीचं रान राखीव उद्यान म्हणून जाहीर केलं. राज्यातलं हे सर्वांत जुनं राज्य उद्यान. मिसिसिपी नदी याच सरोवरातून निघते. तंबूसाठी दोनशेच्या वर जागा, लाकडी केबिन, १९०५ साली ओंडक्यांनी बांधलेलं विश्रामगृह, पोहण्याचा काठ, होड्या, सायकलची वाट अशी सगळी सोय इथे आहे. मिनियापोलिसहून गाडीने साधारण चार तास लागतात. उन्हाळ्यात मुक्कामाला येणाऱ्यांत मराठी घरंही असतात. पुढचा संवाद अशाच एका मुक्कामातला, जेवणं झाल्यानंतरचा. मामा संगमनेरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. भाची मिनियापोलिसच्या उपनगरात राहते. दोघांचं पटतं, पण एकमत क्वचित होतं.

मामा : एक विचारू? एवढी खटपट कशासाठी? घरी पलंग आहे, पंखा आहे, स्वयंपाकघर आहे. ते सोडून इतक्या लांब यायचं, जमिनीवर झोपायचं, रात्रभर डास मारायचे, आणि वर त्याचे पैसे मोजायचे! मीही तंबूत राहिलोय, पण पगार घेऊन. धरणाचा सर्व्हे निघाला की आमच्या राहुट्या पडायच्या. घरी जायचा दिवस आम्ही बोटावर मोजायचो.

भाची : तुमची नोकरी होती, आमची हौस आहे. पोरांकडे बघा ना. सकाळपासून एकानेही फोन मागितला नाही.

मामा : मागून करतील काय? रेंजच नाही इथे.

भाची : नाही ना? मग झालंच की काम.

मामा : बरं, हौस म्हण. पण तीही किती बेतलेली! जागेला नंबर. खांबावर आपल्या तारखांचा कागद. बसायला लाकडी टेबल, जाळ करायला लोखंडी कडं, हाकेच्या अंतरावर गरम पाण्याची न्हाणीघरं. गाडी तंबूच्या दारात. याला जंगलात राहणं कसं म्हणायचं? एसटी स्टँडसमोरचं लॉज आहे हे, छप्पर तेवढं कापडाचं.

भाची : छप्पर हवं तर केबिन आहेत की. काही अगदी साध्या. एक खोली, भिंतीला वर-खाली झोपायच्या फळ्या, एक टेबल, दिवा. पाणी बाहेरच्या नळावरून आणायचं. काहींमध्ये स्वयंपाकघरही आहे. विश्रामगृहात तर खोलीत चादर घातलेला पलंग मिळतो आणि खाली जेवणघर. ज्याला जेवढं रान झेपतं तेवढं त्याने घ्यावं. आजीला तंबूत कशी झोपवणार? तिच्यासाठी पलंग आहे म्हणून तर ती इथवर येऊ शकते.

मामा : आणि त्यासाठी चार महिने आधी नोंदणी.

भाची : १२० दिवस आधी नोंदणीची खिडकी उघडते. जुलैतल्या शनिवार-रविवारची जागा हवी असेल तर त्या सकाळी डोळे उघडल्या उघडल्या बसावं लागतं.

मामा : म्हणजे जुलैत रानात जावंसं वाटेल की नाही, ते मार्चमध्ये ठरवायचं! आम्हाला रतनगडावर जायचं मनात आलं की पिशवीत भाकऱ्या बांधून निघायचो. वर गुहेत झोपायचो. कोण विचारत होतं?

भाची : तेव्हा किती जण जायचे?

मामा : आम्ही पाच-सहा. फार तर आणखी एखादी टोळी.

भाची : इथे वर्षाला पाच लाखांच्या आसपास माणसं येतात, मामा. ती सगळी मनात आलं की निघाली तर? तुमचा मोकळेपणा गर्दी नव्हती म्हणून होता. त्याचं श्रेय तुम्ही उगाच तत्त्वाला देता.

मामा : बरं. पण मग या राज्यात तळ्यांची काय कमी? गाड्यांच्या पाट्यांवरसुद्धा दहा हजार तळी लिहिलेली असतात.

भाची : दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर सरकारी आकडा ११,८४२ आहे. पण काठ कुणाचे, ते विचारा. चांगल्या तळ्यांच्या काठी बहुतेक खाजगी घरं आहेत. इथल्या जुन्या कुटुंबांमध्ये कुणाच्या तरी आजोबांनी बांधलेलं तळ्याकाठचं केबिन असतं. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारपासून उत्तरेकडच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, ती तिकडेच निघालेली असते. आमच्या आजोबांचं केबिन कुठंय? त्यांची विहीर संगमनेरला. मग आमच्यासारख्यांनी, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, परवा या देशात आलेल्यांनी पाण्यापर्यंत जायचं कुठून? या उद्यानातून. विश्रामगृहातल्या खोलीवाल्याला वेगळा काठ नाही. तंबूतला आणि तो एकाच पाण्यात उतरतात.

मामा : हे मला पटलं. पाण्यापर्यंत जायला वाट लागते, आणि ती वाट कुणाच्या तरी बांधावरून जाते. आमच्या खात्यात निम्मे तंटे याचेच. पण सगळ्यांचं म्हणतेस, तर संगणकावर सकाळी टपून बसणं कुणाला जमतं? तुझ्यासारख्या पगारदार माणसाला. ज्याला पुढच्या आठवड्याची पाळी अजून कळलेली नाही, त्याने १२० दिवसांनंतरचा शनिवार कसा पकडायचा? भिंत नाही घातलीत तुम्ही, पण चाळण लावलीत.

भाची : आहे, चाळण आहे. आयत्या वेळी रद्द झालेल्या जागा मिळतात, पण मिळतीलच असं नाही. म्हणून इतर वाटा काढल्यात. गाडीला प्रवेशाचा परवाना लागतो, तो काही सार्वजनिक ग्रंथालयांतून आठवड्यासाठी फुकट मिळतो, पुस्तकासारखा. वर्षातून चार दिवस, प्रत्येक ऋतूत एक, प्रवेश सगळ्यांनाच माफ. आणि ज्यांनी जन्मात तंबू ठोकलेला नाही त्यांच्यासाठी नैसर्गिक संसाधन खातं शिबिरं घेतं. तंबू, गाद्या, शेगडी त्यांची. शिकवणारा माणूसही त्यांचा. आम्ही पहिल्यांदा तसेच गेलो होतो.

मामा : सरकारी खातं लोकांना तंबू ठोकायला शिकवतं?

भाची : खातंच शिकवतं.

मामा : आमच्या खात्याने लोकांना धरणावर येऊ नका एवढंच शिकवलं. बरं, आता माझा खरा मुद्दा. सकाळी उगम दाखवलास ना, तो मला पाहताक्षणी खटकला.

भाची : का? पोरं तर तासभर त्या दगडांवरून हलायला तयार नव्हती.

मामा : पोरांचं सोड. सरोवरातून पाणी बाहेर पडतं तिथे गोट्यांची ओळ आहे. गुडघाभर पाणी, मिसिसिपी चालत ओलांडायची, फोटो काढायचा. छान. पण मी ओळ पाहिली. दगडांचा माथा एका पातळीत आहे. नदी स्वतःहून असे दगड मांडत नाही. दोन्ही काठ भरावाचे दिसतात. खाली काँक्रीट असणार, लिहून देतो.

भाची : लिहून द्यायची गरज नाही, आहेच काँक्रीट. १९३०च्या दशकात मंदी आली तेव्हा सरकारने बेकार तरुणांची पथकं उभी केली. सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर. त्यांनी देशभर उद्यानांत रस्ते, केबिनी, टेहळणी मनोरे बांधले. इथलं बरंच लाकूडकाम त्यांचंच. उगमापाशी तेव्हा दलदल होती, पाणी कुठून निघतं ते धड दिसतसुद्धा नव्हतं. त्यांनी दलदल आटवली, भराव घातला, प्रवाहाला नवा चर काढून दिला, बांध घातला आणि वर दगड रचले. मग झाडं लावली.

मामा : म्हणजे ज्या ठिकाणी लाखो माणसं उभी राहून धन्य होतात, तो उगम पाटबंधाऱ्याचं काम आहे!

भाची : पाणी तर खरं आहे ना. इथून निघालेला थेंब मेक्सिकोच्या आखातात पोचायला साधारण ९० दिवस घेतो म्हणतात. आधी उत्तरेला जातो, मग पूर्वेला, मग वळून दक्षिणेला. ते काही कोअरच्या पोरांनी ठरवलेलं नाही. आणि त्र्यंबकेश्वरला काय आहे? गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते, आणि आपण स्नान करतो खाली कुशावर्तात, बांधलेल्या दगडी कुंडात.

मामा : फरक आहे, पोरी. आपण कुंड बांधलं आणि त्याला कुंडच म्हटलं. यांनी बांध घातला आणि त्याला निसर्ग म्हटलं. शेजारच्या ओंडक्यावर काय कोरलंय? समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर मिसिसिपी वाहू लागते. बांधकामाचा उल्लेख आहे का त्यात?

भाची : ओंडक्यावर नाही. पण लपवलेलंही नाही, माहिती मिळते. आणि समजा दलदल तशीच ठेवली असती. लाखो पाय तीत उतरले असते तर एका उन्हाळ्यात तिचा चिखल झाला असता. आता सगळे त्या दगडांवर नाचतात आणि बाकीचा काठ शांत राहतो. एक जागा माणसांना देऊन टाकली आणि उरलेली वाचवली, असंच समजा ना.

मामा : हिशेब म्हणून ठीक. मला आवडली ती दुसरी गोष्ट. उगमाजवळच्या त्या माहिती केंद्राला जिचं नाव दिलंय, ती पोरगी.

भाची : मेरी गिब्ज. तिचे वडील या उद्यानाचे प्रमुख होते. १९०३ साली ते वारले आणि गव्हर्नरने तिलाच नेमलं. वय २४. तेव्हा लाकूड कंपन्यांची चलती होती. सरोवराच्या तोंडाशी त्यांचा लाकडी बांध होता. पाणी तुंबवायचं, मग एकदम सोडायचं आणि त्या लोंढ्याबरोबर ओंडके खाली पाठवायचे.

मामा : आणि तुंबवलेल्या पाण्यात काठची झाडं बुडून मरायची. मुळं गुदमरतात. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात झाड वाळतं. भंडारदऱ्याच्या फुगवट्यात पाहा हवं तर.

भाची : तिने बांधाची दारं उघडायला सांगितली. समोर बंदूकधारी माणसं. तरी ती पुढे झाली आणि दाराच्या दांड्याला हात घातला, असं सांगतात.

मामा : मी आवर्तनाच्या वेळी गेटवर भांडणं पाहिली आहेत. टेलच्या गावाला पाणी पोचत नाही, मधले लोक चारी फोडतात, आणि रात्री दोन वाजता बिचारा पाटकरी एकटा कंदील घेऊन उभा असतो. समोर वीस माणसं. त्याला माहीत असतं की नियम त्याच्या बाजूने आहे, पण नियम घरी झोपलेला असतो. त्या मुलीचं तसंच झालं असणार. किती टिकली ती?

भाची : काही महिने. वजनदार लोकांना ती नकोच होती. नंतर वृक्षतोड आणखी बरीच वर्षं चालली. १८९१चा कायदाही विधिमंडळात एका मताने तरला होता, आणि जमीन विकत घ्यायला पैसेच दिले नव्हते. जेकब ब्रॉवर नावाच्या माणसाने हे रान मोजलं आणि कायद्यासाठी धडपड केली. पहिला प्रमुखही तोच. नकाशावर उद्यान होतं, झाडं कंपन्यांची होती.

मामा : तेच म्हणतो मी. राजपत्रात नाव छापून आलं म्हणजे रान वाचत नाही. कुणीतरी दांड्याला हात घालावा लागतो. पण वाचल्यावर तरी त्याला त्याच्या जागी राहू द्यावं ना? ही दुरुस्ती, ती रंगरंगोटी, इथे फलक, तिथे कठडा. रानाला एकटं सोडा.

भाची : सोडून पाहिलं, मामा. सकाळी आपण ज्या उंच लाल पाइनच्या राईत थांबलो, तिथली झाडं दोनशे वर्षांहून जुनी आहेत. ती उगवली कशी? वणव्यानंतर. लाल पाइनच्या बीला उघडी माती लागते, ऊन लागतं. आग खालचं झाडोरं साफ करते, मोठ्या झाडांची जाड साल त्यातून तगते. उद्यान झाल्यावर लोकांनी प्रेमाने काय केलं, तर प्रत्येक आग विझवली. शिकार बंद केली, हरणं वाढली, हरणांनी कोवळे शेंडे खाल्ले. म्हातारी झाडं उरली, खाली त्यांची पोरं नाहीत. आता खातं ठरवून, वारा बघून, थोडं थोडं रान जाळतं. आणि शेंड्यांसाठी काय करतात ठाऊक आहे? पानगळीच्या दिवसांत माणसं रोपारोपापाशी जातात. शेंड्याच्या कळीभोवती बोटभर कागद गुंडाळतात आणि स्टेपलरने टाचतात. पाइनच्या सुईसारख्या पानांना धरून बसेल अशा बेताने, कळी दबणार नाही इतका सैल. हिवाळाभर हरणाच्या तोंडी कागद येतो, ते सोडून देतं. वसंतात कळी कागद फोडून वर येते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, रोप हरणाच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत.

मामा : स्टेपलर? पाइनला?

भाची : आपल्या ऑफिसात असतो तोच.

मामा : हे मला बघायला हवं होतं. कागद टाचणारा माणूस उद्यानाचा खरा अधिकारी. बरं, मग कालपासून मनात असलेलं विचारतो. हे रान राखलं, पाच लाख लोकांना दाखवलं. त्याआधी ते होतं कुणाचं? संग्रहालयात लिहिलं होतं की १८३२ साली स्कूलक्राफ्ट नावाच्या माणसाने उगम शोधला. शोधला म्हणजे? हरवला होता का?

भाची : त्याला इथे घेऊन आला ओझाविंडिब. अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे लोकांतला. त्यांना हे सरोवर चांगलं ठाऊक होतं, त्यांचं स्वतःचं नावही होतं. स्कूलक्राफ्टने नवं नाव ठेवलं आणि तेच नकाशावर चढलं. पुढे १८५५च्या करारात ओजिब्वे लोकांनी हा मुलूख सरकारला दिला.

मामा : करारात दिला! भूसंपादनाच्या नोटिसा मी स्वतः वाटल्या आहेत. तिथेही लिहिलेलं असायचं, खातेदाराने संमती दिली. त्याच्या अंगठ्याच्या ठशाकडे पाहिलं की संमती किती होती ते कळायचं.

भाची : यावर मी वाद घालणार नाही. पण एक घडलंय. याच राज्यात अपर सू एजन्सी नावाचं राज्य उद्यान होतं. मिनेसोटा नदीकाठी, १९६३ पासूनचं. १८६२ साली त्या ठिकाणी सरकारी गोदामांत धान्य होतं आणि बाहेर डाकोटा लोक उपाशी होते, कारण करारातले पैसे आले नव्हते. त्यातून युद्ध पेटलं. त्यांच्या माणसांना तिथेच पुरलंय. अनेक वर्षं डाकोटा लोक म्हणत होते, आमच्या पूर्वजांच्या थडग्यांवर तुम्ही सहली काढता. २०२३ साली विधिमंडळाने कायदा केला, आणि २०२४ मध्ये ती जमीन डाकोटांच्या अपर सू समुदायाला परत दिली. उद्यान बंद झालं.

मामा : बंद झालं आणि आभाळ कोसळलं नाही.

भाची : आसपासच्या गावांनी विरोध केला होता. पर्यटक येणार नाहीत म्हणून. आणि मला स्वतःला विचाराल तर मी अडखळते. प्रत्येक उद्यानाचा असा इतिहास निघेल. सगळी परत दिली तर आमच्यासारख्यांनी पाण्यापर्यंत जायचं कुठून, हा माझा मघाचाच प्रश्न उरतो.

मामा : सगळी द्या असं मी कुठे म्हणतोय? प्रत्येक ठिकाणी मूळ माणसाला विचारा, एवढंच म्हणतोय. थडगी असतील तिथे उत्तर एक येईल, दुसरीकडे दुसरं येईल. विचारलंच नाही, तर तू कितीही नियम पाळ, पाहुणीच राहशील.

भाची : नियमांवरून आठवलं. तुम्ही घरून आणायला काढलेली ती लाकडं मी परसातच ठेवली, रागावला होता.

मामा : मग? पडलेल्या झाडाची वाळकी लाकडं. इथे येऊन तीच लाकडं पैसे देऊन घ्यायची, हा कुठला शहाणपणा?

भाची : त्या झाडाचं नाव ॲश. त्याच्या सालीखाली एक हिरवा भुंगेरा असतो, आशियातून आलेला. २००२ साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला, २००९ मध्ये मिनेसोटात. कोट्यवधी झाडं गेली त्यात. भुंगेरा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला शंभर-शंभर मैल नेलं ते सहलीला निघालेल्या माणसांनी, गाडीच्या डिकीतून, सरपणाबरोबर. म्हणून इथे मान्यता असलेलं लाकूडच जाळायचं. होड्यांचंही तसंच. एका तळ्यातून काढली की बूच उघडून पाणी काढायचं, गवत खरवडायचं, मगच रस्त्यावर. नाहीतर शिंपल्याची पिल्लं पुढच्या तळ्यात जातात.

मामा : हे आधी सांगितलं असतंस तर भांडलो नसतो. नियमाचं कारण सांगितलं की माणूस ऐकतो. नुसता फलक लावला की तो फलकाला टेकून फोटो काढतो.

भाची : आणि कुकर?

मामा : कुकरचं काय?

भाची : साडेनऊला तुम्ही राजम्याचा कुकर लावलात, प्रोपेनच्या शेगडीवर. पहिली शिट्टी झाली आणि समोरच्या तंबूतला कुत्रा उठला. दुसरीला शेजारचे बाहेर आले. तिसरीला ती स्वयंसेवक बाई टॉर्च घेऊन आली. तुम्ही तिला म्हणालात, फोर मोर.

मामा : राजमा कच्चा ठेवायचा का? शिवाय दहाला शांतता, साडेनऊला नाही. मी घड्याळ बघून लावला होता. आणि ती बाई भली होती. उभी राहून शिट्ट्या मोजल्या तिने. पण आता तू विषय काढलासच, तर तुमच्या मराठी लोकांबद्दल बोलतो. आठ घरं एकत्र येता. बिर्याणीचं पातेलं, कॅरम, स्पीकर, अंताक्षरी. तळ्याकडे पाठ. हे घरी होत नाही का?

भाची : होतं. पण घरी पोरं आपापल्या खोलीत असतात. इथे दहा पोरं एका चुलीभोवती मराठी बोलतात, कारण मध्ये दुसरं काही नाही. आणि एका जागेवर सहसा सहाच माणसं चालतात, त्यामुळे आठ घरं आपोआप विखुरतात. अंताक्षरी मलाही नको असते. पण बाहेर पडलेल्या माणसाने गप्पच बसावं, हा हट्ट कशाला? कुणी वाटेने एकटा चालतो, कुणी मनोऱ्यावर चढतो, कुणी पाण्यात पाय सोडून वांगं भाजायची वाट बघतो. दहा वाजले की सगळे सारखे.

मामा : दहाचं मला मान्य. काल दहानंतर तो पक्षी ओरडला ना, काळा, लाल डोळ्यांचा?

भाची : लून. राज्यपक्षी आहे इथला.

मामा : अंताक्षरी चालू असती तर तो ऐकू आला नसता. तो ऐकायचा हक्क ज्याला आहे, त्याच्यासाठी दहाचा नियम. हे आमच्याकडे कुणाला समजावायचं? वळवाचे पाऊस सुरू झाले की भंडारदऱ्याला काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं उजळून निघतात. अभयारण्य आहे ते, १९८६ पासून. आणि शनिवारी रात्री गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, गाणी चालू. काजवा उजेडाने उजेडाला बोलावतो. तू हेडलाइट मारलास की त्याचं लग्न मोडलं. पवनेच्या काठी तर तंबूच तंबू आणि डीजे.

भाची : मग तिथे हे नियम हवेत म्हणता, आणि इथे त्याच नियमांना लॉज म्हणता?

मामा : कान दोन आहेत म्हणून दोन्ही बाजूंनी ऐकतोय. वनखातं तिथे फी घेतं, वेळ ठरवतं, गाड्या अडवतं. ते बरोबरच आहे. पण घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या माणसांना त्या दोन आठवड्यांत चार पैसे मिळतात. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. पाणी खाली आमच्याकडे आलं, आमचे ऊस झाले. वरच्या माणसाच्या वाट्याला पाहुणे आले. त्याने अंगणात तंबू लावले, पिठलं-भाकरी वाढली, तर त्याला चोर ठरवायचं नाही. इथली व्यवस्था तिथे जशीच्या तशी उचलून नेलीस तर पुण्या-मुंबईचा माणूस १२० दिवस आधी संगणकावर जागा पकडेल, आणि साम्रदचा माणूस फाटकावर पावती फाडायला उभा राहील.

भाची : तुम्ही खात्यात असता तर काय केलं असतंत?

मामा : आधी संख्या ठरवली असती. या काठाला एका रात्री किती तंबू, किती गाड्या, झाडांजवळ किती माणसं. ही संख्या पाणी, संडास आणि कचरा मोजून काढायची, आमदाराला विचारून नाही. मग परवाने गावाला द्यायचे, बाहेरच्या ठेकेदाराला नाही. पावतीचे पैसे कुठे गेले ते ग्रामसभेत वाचून दाखवायचं. चार जागा आयत्या वेळी येणाऱ्यासाठी राखून ठेवायच्या. दहानंतर आवाज बंद, आणि का बंद ते आधी सांगायचं. कारण सांगूनही ऐकलं नाही तर दंड.

भाची : यातलं निम्मं इथून उचललंत, मामा.

मामा : उचललं. चांगलं ते उचलावं. पण राहिलेलं निम्मं इथल्यांनी आमच्याकडून घ्यावं. रान राखणं म्हणजे कुंपण आणि तिकीट नव्हे. रोज कुणीतरी कागद टाचायला जावं लागतं, आणि ज्याचं रान होतं त्याला दर वर्षी विचारावं लागतं. यातलं एक जरी सुटलं तरी उद्यान नुसत्या पाटीवर उरतं.

भाची : आणि तंबूत झोपण्याबद्दल?

मामा : त्यात तसूभर बदल नाही. पुढच्या खेपेला माझ्यासाठी केबिन घे, आणि १२० दिवस आधी घे.